उजव्या कोपऱ्यातलं बटण

नाना,

तुमची टूलरूम माझ्यामुळे गेली. हे वाक्य आधी लिहून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत राहीन आणि कागद संपेल. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. त्याआधीची कितीतरी वर्षं आपण एकाच घरात राहिलो, एकाच फोडणीचं वरण जेवलो, तेव्हा मला हे सांगता आलं नाही. आता सांगायला बसलेय तर ऐकायला तुम्ही नाही. आई म्हणायचीच, या पोरीचं सगळं वरातीमागून.

मागच्या महिन्यात टूलरूममध्ये तुमच्या शेजारच्या बेंचवर साचे कोरणारे काका आले होते. काठी टेकत जिना चढले, मला हाक मारायच्या आधी दारातच दम खात उभे राहिले. ते आता सातपूर सोडून मुलीकडे राहायला जाणार आहेत. हातात पिशवी, पिशवीत तुमची लोखंडी पेटी. "हे तुझ्या बापाचं," म्हणाले. "टूलरूम सोडली त्या दिवशी माझ्याकडं दिली व्हती. म्हणले, मला आता नाय लागायची. मी वापरली नाय बरं का. तेल तेवढं देत व्हतो." पेटी उघडली तर खरंच तेलाचा वास, आणि तुमचा माप घ्यायचा वर्नियर, कंपास, सेंटर पंच, सगळं जिथल्या तिथे. तुम्ही आत्ता चहा पिऊन येणार आणि पुढचं काम हाती घेणार असं वाटावं, इतकं. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले.

पेटीच्या तळाशी आणखी एक वस्तू होती. तिच्याकडे येतेच, पण आधी एका दांड्याबद्दल सांगू द्या.

मी दहा वर्षांची असेन. टीव्हीला जोडायचा खेळ तोवर आपल्या गल्लीत कोणी पाहिलेला नव्हता. तुमच्या शेठनं मुंबईहून एक नमुना आणला होता आणि तसाच्या तसा सातपूरमध्ये बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. खेळाची पेटी दुसरीकडे बनणार होती, आपल्याकडे फक्त हातात धरायचा दांडा. इंग्रजीत जॉयस्टिक, पण तुम्ही दांडाच म्हणायचात. तो नमुना तुम्ही टॉवेलात गुंडाळून दोन दिवसांसाठी घरी आणलात. काळी, लांबट चौकोनी डबी, मधोमध रबराचा झगा घातलेली उभी काडी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल बटण. बास. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही ओट्याच्या दुसऱ्या टोकाला स्क्रू काढताय. "पिठात पडला ना एखादा खिळा, तर तुम्हालाच वाढीन," आई म्हणते. तुम्ही ऐकतच नाही. झाकण निघतं, आत काडीच्या चार बाजूंना पत्र्याच्या चार टिकल्या. तुम्ही माझं बोट धरून एका टिकलीवर दाबता. टिक.

"ऐकलं का? हा आवाज लय कामाचा. हाताला कळतं, झालं काम. आवाज नसता ना, तर पोरं जोर लावून दाबत बसली असती आन आठ दिवसांत मोडला असता."

मग तुम्ही डबी बंद करून तळहातात धरलीत आणि तुमचा चेहरा आंबट झाला. "कोपरा बोचतोय. हे बनवणाऱ्यानं टेबलावर ठेवून पाह्यलंय, हातात धरून नाय." नुसता नमुना उतरवायचं काम होतं, कोणी तुम्हाला तो सुधारायला सांगितलं नव्हतं. पण तुम्ही मोडक्या पाटाच्या लाकडाचा तसाच ठोकळा केलात, काडीच्या जागी खुंटी ठोकलीत, बटणाच्या जागी पेन्सिलीनं गोल काढलात आणि मला बोलावलंत. खेळणार पोरंच, तेव्हा माप पोराच्या हाताचं. माझा तळवा उलगडून तुम्ही वर्नियर लावलात तेव्हा गार लोखंडानं मला गुदगुल्या झाल्या होत्या. चार दिवस तुम्ही कानशीनं कोपरे मारत होतात आणि दर वेळी मला धरायला देत होतात. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या हाताला कोणी एवढं महत्त्व दिलेलं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही.

आणि दर वेळी मी ठोकळा उलटा धरायचे. खुंटी डाव्या हातात.

"अशी नाय. दांडा उजव्या हातात."

"मग बटण डावीकडे का?"

"उजवा हात दांड्यावर गुंतलाय ना. मग दाबायचं काम डाव्या अंगठ्याला."

"आणि ज्याला डाव्या हातानं दांडा धरायचाय त्यानं?"

"त्यानं सवय करायची."

या सवयीवरून आपल्यात तोवर बरंच झालं होतं. मी डावखुरी, आणि तुम्ही मला उजवी करायला घेतलेलं. पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात द्यायचात, शंभरदा, न चिडता. एकदाच चिडलात. मी विळीवर डाव्या हातानं काकडी चिरायला बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर फटका मारलात. आईसुद्धा दचकली. तुमच्या खात्यात एक डावखुरा माणूस पत्रा कापायच्या प्रेसवर होता, त्याची दोन बोटं गेली होती, हे मला आईनं नंतर सांगितलं. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "मशिनी उजव्यांनी बनवल्यात. त्यांना तुझा हात कळायचा नाय." मला त्यातली भीती कळली नाही. फटका तेवढा कळला.

आता तो कागद, ज्याच्यावरून तुम्ही झाकणाचा साचा पोलादात कोरणार होतात. तुमची पद्धत मला पाठ होती, कारण तुम्हीच शिकवली होती. साच्यात सगळं उलटं कोरायचं, रबरी शिक्क्यावर नाव उलटं असतं तसं, म्हणजे बाहेर पडणारी वस्तू सुलटी येते. तुम्ही ट्रेसिंगच्या पातळ कागदावर झाकणाचं चित्र काढायचात, अक्षर एकही नाही, मापं वेगळ्या वहीत. दोन्हीकडून सारख्याच दिसणाऱ्या त्या कागदाची जी बाजू पोलादावर चिकटवायची, तिच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा एक ठिपका. मग खुणा उठून दिसाव्यात म्हणून पोलादाला मोरचूद लावायचं, ठिपक्याची बाजू खाली करून कागद डकवायचा आणि त्यातूनच रेघांवर टोकदार पंच मारत जायचं. "डोळे थकतात, डोकं थकतं," तुम्ही सांगायचात, "ठिपका थकत नाय."

शाळेतून आले तेव्हा कागद टेबलावर होता, वर वर्नियरचं वजन. आई नळावर. तुम्ही पहिल्या पाळीहून येऊन अंग टाकलेलं. मी ब्लेडनं ठिपका खरवडला. हलक्या हातानं, कागद फाटू न देता. मग कागद पालटला आणि दुसऱ्या बाजूला तुमच्याच पेन्सिलीनं नवा ठिपका दिला. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं, एक तरी दांडा माझ्या हाताचा निघेल. खरं सांगते, मी साचा म्हणजे एक दांडा एवढंच समजत होते. एका साच्यातून हजारो निघतात, पोलाद कोरलं की परत भरता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. शिक्क्याचं गणित कळण्याएवढी मी हुशार होते आणि घाबरण्याएवढी नव्हते. सगळं मी डाव्या हातानं केलं.

नमुना तोवर शेठ मुंबईला परत घेऊन गेला होता, आतल्या तारांसाठी. तुमच्यापाशी ताडून पाहायला काही नव्हतं. ठोकळा घरी होता आणि त्याच्यावरचा गोल माझ्या घामेजलेल्या हातांनी कधीच पुसला गेला होता. कागद होता आणि ठिपका होता. दिवाळीआधी माल हवा म्हणून शेठ रोज डोक्यावर उभा.

काकांनी मला त्या भेटीत जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. बशीत चहा ओतत सहज बोलून गेले. "पंच मारताना एक डाव थांबले व्हते नाना. म्हणले, कायतरी चुकतंय बरं का, हात नाय म्हणतोय. म्हटलं, बघा एकदा. त्यांनी कागद उचलून ठिपका पाह्यला. म्हणले, नाय, बरोबर हाय. आन परत सुरू केलं." काका चहा प्यायले, बिस्किट खाल्लं, माझ्या मुलाच्या कॉलेजची चौकशी केली. मी काय उत्तरं दिली मला आठवत नाही. तुमचा हात तुम्हाला बरोबर सांगत होता, नाना. तुम्ही त्याचं न ऐकता माझं ऐकलंत.

साचा मशीनवर चढला त्या दिवशी तुम्ही सकाळी देवाला फूल वाहून गेला होतात. पहिलं झाकण गरम-गरम बाहेर पडलं आणि बटणाचं भोक उजव्या कोपऱ्यात. शेठ आधी हसला म्हणे. त्याला वाटलं, झाकण उलटं धरलंय. मग त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं, आणि मग हसला नाही. तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय." काम दुसऱ्या गावच्या टूलरूमला गेलं. तुम्हाला कामावरून काढलं नाही, शेठ एवढा वाईट नव्हता. मशीनखात्यात पाठवलं. बादल्यांच्या कड्यांना निघणारी जास्तीची प्लास्टिकची कड ब्लेडनं कापायची, दिवसभर उभं राहून. तुम्ही, ज्यांच्या हाताला केसाच्या जाडीचा फरक कळायचा. अंगाला तेलाचा वास यायचा तो गेला आणि जळक्या प्लास्टिकचा यायला लागला. बोटांच्या टोकांना चटके, आई रोज तिथे खोबरेल लावायची. तुमचं ते पोलाद टूलरूमच्या दाराला टेकू म्हणून लावलं होतं, काका सांगत होते, वारा आला की दार आपटू नये म्हणून. जाता-येता सगळ्यांनी त्याला पाय लावायचा. आणि तुमचं नाव पडलं उलटे मिस्त्री. गल्लीतली पोरंसुद्धा म्हणायची. मी एकाला त्यावरून दगड मारला होता, आठवतं? तुम्ही मला त्याची माफी मागायला लावलीत. मी मागितली. खरी ज्यांची मागायची ते शेजारीच उभे होते.

त्या आठवड्यातच तुम्ही एक दांडा घेऊन आलात. चुकीच्या साच्यातून निघालेलं एक झाकण शेठकडून मागून घेतलं होतंत, त्याला खाली तळ बसवलात, काडी, रबर, चार टिकल्या, लाल बटण, सगळं. तार मात्र नव्हती, जोडायचा तो खेळच आपल्याकडे नव्हता. "हे तुझं," म्हणालात. "धरून तर बघ."

मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि हा सापळा आहे. पुढच्याच क्षणी वाटलं, काहीच कळलेलं नाही, नुसती पोरीला खेळणं आणलंय, आणि ते जास्त भयंकर वाटलं. मी हात मागे घेतले. "मला नको." तुमचा चेहरा मी पाहिला नाही, मी त्या बटणाकडे पाहत होते. दांडा कपाटावर गेला. दर रविवारी तुम्ही तो खाली काढून फडक्यानं पुसायचात, बटण एकदा दाबायचात, टिक, आणि परत वर ठेवायचात. तो आवाज आला की मी जिथे असेन तिथे थिजायचे. लग्नानंतरसुद्धा, रविवारी कुठे पेनचं टोपण वाजलं, बॅटरीचं बटण वाजलं, की नजर आधी कपाटावर जायची. अजून जाते.

तुम्हाला कळलं होतं का, हा प्रश्न मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपले. एकदा उत्तर अगदी जवळ आलं होतं. आपण विंचूरला आत्याकडे गेलो होतो. आत्याच्या पोरांकडे तेव्हा नव्या तऱ्हेचा खेळ आला होता. दांडा गेलेला, त्याजागी चपटी पट्टी, दोन हातांत धरायची. डाव्या अंगठ्याखाली चार दिशांची अधिकाची खूण आणि बटणं सगळी उजवीकडे. पोरं ओरडत होती. तुम्ही ती पट्टी हातात घेतलीत, कडेवरून अंगठा फिरवलात, उलटीपालटी केलीत. किती वेळ तरी. मग म्हणालात, "आता दिशा डाव्या हाताला दिली की लोकांनी. बटणं उजवीकडं." आणि माझ्याकडे पाहिलंत. हसत नव्हतात, रागावलाही नव्हतात. आत्या म्हणाली, "मग आपला दादा काय चुकला म्हणायचा, आधीच करून बसला व्हता ना!" सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेले, आणि वाळत घातलेल्या कांद्यांपाशी बसून राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेवढं सोपं परत कधीच झालं नाही.

तुमची मुलगी आता अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंगवरच पोट भरते, तुम्हाला माहीतच आहे. कागद-ठिपका गेलं. संगणकावर मिरर नावाची आज्ञा आहे, एक कळ दाबली की डावं उजवं होतं, परत दाबली की परत पहिल्यासारखं. माझ्या हाताखालची पोरं दिवसात पन्नासदा मारतात. "मॅडम, मिरर मारू का?" विचारतात, आणि मी दर वेळी म्हणते, थांब. मग उठून जाते, मोजून पाहते, नमुना हातात घेऊन पाहते. पोरं मागे हसतात. मॅडमला मिररचं भूत लागलंय, असं एकजण म्हणताना मी ऐकलं. बरोबरच आहे त्याचं.

आता पेटीचा तळ. तिथे तो कागद होता, नाना. चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला. उजेडात धरला तर तुमच्या पंचाची भोकंच भोकं. एका कोपऱ्यात मी दिलेला ठिपका. पालटून पाहिलं तर जिथे मी ब्लेड चालवलं होतं तिथे कागद खरखरीत झालेला, आणि त्याभोवती लाल पेन्सिलीनं एक गोल. तुमच्या टूलरूमची रीत मला ठाऊक आहे, तुम्हीच सांगितली होतीत. काम बाद झालं की चुकीच्या जागेभोवती लाल गोल करायचा आणि ज्याची चूक त्यानं खाली सही करायची. त्या गोलाखाली तुमची सही आहे. तुमचं पूर्ण नाव, वळणदार, बँकेत करायचात तशी. त्या पूर्ण कागदावर तेवढंच काय ते अक्षर.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. खरवडलेलं तुम्ही पाहिलंत. त्या घरात ब्लेड कोण चालवू शकतं हे विचारायची तुम्हाला गरज नव्हती. तरी तुम्ही सही केलीत, पेटी काकांना दिलीत आणि घरी येऊन मला दांडा दिलात. मी इतकी वर्षं शिक्षेची वाट पाहिली, आणि तुम्ही दर रविवारी तो पुसत माझी वाट पाहत होतात. मला तुमचा राग येतो. एकदा तरी विचारायचं होतंत. मी खोटं बोलले असते, पण विचारायचं होतंत. मी तुमच्यावर ओरडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

काका गेल्यावर स्टूल घेऊन मी माळ्यावरून तो दांडा काढला. आई गेल्यावर माझ्याकडे आला तेव्हापासून पुसलेला नव्हता. पुसताना बोटाला काहीतरी लागलं म्हणून खिडकीशी नेऊन पाहिलं. खालची उजवी कड साच्यातून निघाल्यासारखी नव्हती. तिथे कानशीचे बारीक ओरखडे होते, आडवे, एकसारखे, तुमच्या हाताचे. तुम्ही ती कड नंतर मारली होतीत, खोलगट. डाव्या हातानं काडी धरली की डबी उजव्या तळव्यात विसावते, आणि तिथेच ती बोचते. मापाला तुमच्यापाशी माझा तळवा होताच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्या कागदाच्या घडीत ठेवून देईन. पण एक कबुली उरली आहे, अगदी लहानशी, आणि ती ठिपक्याच्या कबुलीपेक्षा मला जड जातेय. दांडा पुसून झाल्यावर मी तो शेवटी हातात धरला. तुम्ही म्हणत होतात तसा, धरून तर बघ. विचार न करता धरला. तर काडी उजव्या हातात गेली, नाना. तुम्ही शंभरदा शिकवलंत तशी. ती खोलगट कड कुठल्या कुठे राहिली, आणि माझा डावा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे साधं काळं प्लास्टिक आहे, तिथे बटण शोधत राहिला.